सातवाहन घराण्याचा उदय आणि अस्त : त्रिरश्मी लेण्यांतील हिशेबावरून

आपल्या कोपरगाव-पुणतांब्याजवळून वाहणारी गोदावरी वरच्या अंगाला नाशिकहून येते आणि खालच्या अंगाला पैठणला जाते. प्रवरा नेवाशावरून पुढे जाऊन टोक्याजवळ तिला मिळते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकजवळचे गोवर्धन हे एका 'आहारा'चे म्हणजे जिल्ह्याचे ठाणे होते आणि पैठण अर्थात प्रतिष्ठान ही सातवाहन राजांची राजधानी होती. शिर्डी-राहात्यात राहणारे आपण त्या राज्याच्या अगदी मधल्या पट्ट्यात आहोत. तरीही आमच्या शाळेच्या पुस्तकात या घराण्याला एक छोटा परिच्छेद होता. त्यातले 'त्रिसमुद्रतोयपीतवाहन' हे एवढे मोठे विशेषण पाठ करून आम्ही परीक्षेला गेलो. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा तो राजा. घोड्यांना खारे पाणी कसे चालले, हा प्रश्न विचारण्याची आमची छाती झाली नाही.

गेल्या पावसाळ्यात अभ्यासवर्गातील मुलांना घेऊन आम्ही नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर (लोक यांना पांडवलेणी म्हणतात) गेलो होतो. तिथे अकरावीतील एका मुलीने विचारले, "काका, हे सगळे राजे बौद्ध होते ना?" हो म्हणणे सोपे होते. आपल्या अनेक भाषणांतून तसे सांगितलेही जाते. परंतु आम्ही ज्या भिंतीसमोर उभे होतो त्या भिंतीवर वेगळे लिहिले होते. त्यामुळे तिला तिथे अर्धेच उत्तर देता आले. उरलेले या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा प्राध्यापक नाही, बँकेत कारकून आहे. त्यामुळे व्याज, ठेव, खाते असे शब्द आले की तो तिथे जरा जास्त रेंगाळतो. वाचकांनी ते सांभाळून घ्यावे.

मौर्य साम्राज्य विस्कटल्यानंतर दख्खनमध्ये हे घराणे पुढे आले. नेमके केव्हा, याबद्दल विद्वानांत मोठा वाद आहे. पुराणांतील एका यादीत तीस राजे व साडेचारशेहून अधिक वर्षे येतात, तर दुसरीत एकोणीस राजे व तीनशे वर्षे. आजचे बहुतेक नाणेतज्ज्ञ आरंभ इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आसपास मानतात. वर्षांच्या या भांडणात विद्यार्थी मित्रांनी फार अडकू नये. पहिला राजा सिमुक, त्यानंतर त्याचा भाऊ कण्ह. या कण्हाच्या काळातला एक छोटा लेख त्रिरश्मीच्या १९ क्रमांकाच्या लेण्यात आहे. श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या नाशिकच्या महामात्राने हे लेणे करविले, असा त्याचा आशय आहे. म्हणजे घराण्याच्या अगदी सुरुवातीलाच भिक्षूंचे कामकाज पाहणारा सरकारी अधिकारी इथे नेमलेला होता.

कल्याणकडून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. घाटमाथ्यावर दगडाचा प्रचंड रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असे लोक सांगतात. लेखातल्या राणीचे मन मात्र यज्ञात आहे. दोन अश्वमेध, राजसूय आणि इतर अनेक यज्ञ, त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण यांची लांबलचक यादी आहे. त्याच गुहेत राजघराण्यातील माणसांच्या प्रतिमा होत्या. आज फक्त पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे उरली आहेत. त्या नावांत एक 'महारठी' आहे. महारठी म्हणजे आपापल्या मुलखातले बलाढ्य सरदार, आणि राणी त्याच वर्गातल्या घराण्यातून आलेली. राज्य उभे राहिले ते अशा सरदारांशी सोयरीक करून. हे पुढे उपयोगी पडेल म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

मुलीच्या प्रश्नाचा पहिला भाग असा निकालात निघाला. अश्वमेध करणारे राजे बौद्ध नव्हते.

यानंतर घराण्याला ग्रहण लागले. पश्चिमेकडून शकांचे क्षहरात घराणे आले. त्यांच्यातील नहपानाने कोकण, नाशिक, जुन्नर, मावळ हा सगळा भाग सातवाहनांकडून घेतला. हे केवळ जमिनीचे भांडण नव्हते. भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांतून रोमन व्यापाऱ्यांचे सोने-चांदी येत होते. 'पेरिप्लस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक खलाशाच्या पुस्तकात लिहिले आहे की पूर्वी कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण आता तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. पैठण आणि तगर (धाराशिव जिल्ह्यातील तेर) येथून गाड्यांनी माल भडोचला जाई. नेवाशाला १९५४ पासून डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले, त्यात सातवाहनकालीन थरांत रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशात भूमध्य समुद्राकाठचे मडके येऊन फुटले होते!

नहपानाचा जावई उषवदात. त्रिरश्मीचे १० क्रमांकाचे लेणे त्याचे. त्यातला ४२ व्या वर्षाचा लेख वाचताना मला बँकेतल्या खातेवहीची आठवण येते. लेणे संघाला दिल्यावर त्याने ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' केली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधीच मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. ही रक्कम त्याने राजकोशात ठेवली नाही, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींत ठेवली. एका श्रेणीत २०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसऱ्या विणकर श्रेणीत १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे, आणि दुसऱ्या व्याजातून किरकोळ खर्च भागवायचा.

हा हिशेब मी मुलांकडून तिथेच करून घेतला. दोन हजारांचे दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे बरोबर दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडे नाही, तिकडे नाही. दुसऱ्या ठेवीचे महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद. आजच्या भाषेत सांगायचे तर एक ठेव बारा टक्के आणि दुसरी नऊ टक्के. नव्वदच्या दशकात बँका मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत असत, हे ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. एकाच गावातल्या दोन विणकर श्रेणींचे दर वेगळे का, याचे कारण लेखात दिलेले नाही. ज्याची पत मोठी तो कमी व्याज देतो, हे आमच्या धंद्यातले साधे गणित आहे. माझा आपला अंदाज असा, की पाऊण टक्क्याची श्रेणी अधिक भक्कम असावी. शिवाय हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखविला गेला आणि दप्तरात नोंदविला गेला, असेही लेखात आहे. साक्षीदार आहेत, नोंदणी आहे, दगडावर प्रत आहे. उषवदाताने देवांना व ब्राह्मणांनाही दाने दिली. तिथे ७०,००० कार्षापण म्हणजे २००० सुवर्ण, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण, असा विनिमयाचा दरसुद्धा लिहून ठेवला आहे.

या क्षहरातांचा पराभव गौतमीपुत्र सातकर्णीने केला. जुन्या पुस्तकांत हे साल इ. स. १२४ च्या सुमारास देत, अलीकडचे बरेच नाणेतज्ज्ञ ते पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात नेतात. पुरावा मात्र पक्का आहे, आणि तो नाशिकजवळच सापडला. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचे कमानींच्या डोंगराचे चिन्ह ठोकलेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या नोटा मोजताना आम्हा कारकुनांची बोटे काळी पडली होती, तेव्हा मला या नाण्यांची आठवण झाली. गौतमीपुत्राने जुने चलन बाद केले नाही. ते वितळविलेही नाही. त्याच नाण्यावर नवा शिक्का मारला आणि चलन चालू ठेवले. बाजार बंद पडू न देता सत्ता बदलल्याचे जाहीर करण्याचा हा मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो.

आता त्रिरश्मीच्या ३ क्रमांकाच्या लेण्याकडे येतो. इथे गौतमीपुत्राचे दोन आदेश कोरलेले आहेत आणि माझ्या मते या घराण्याविषयी सर्वांत खरे बोलणारा कागद (दगड म्हणू या) हाच आहे.

पहिला आदेश १८ व्या राज्यवर्षातला. विजयी सैन्याच्या छावणीतून राजा गोवर्धनच्या अमात्याला कळवितो की पश्चिम काखडी गावात उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिले आहे. त्या शेतात राजाच्या सैनिकांनी शिरू नये, कोणी मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप करू नये. शत्रूचे शेत, पण ते भिक्षूंकडे गेले. म्हणजे राजा बदलला तरी संघाला धक्का लागला नाही, उलट विजेत्यानेही लगेच दान करून आपली सही तिथे ठेवली.

दुसरा आदेश २४ व्या वर्षातला, राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने. त्यात म्हटले आहे की काखडी गावात आम्ही पूर्वी जे शेत दिले ते कसले जात नाही आणि ते गाव आता वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातील १०० निवर्तने भिक्षूंना द्यावीत.

विद्यार्थी मित्रांनी इथे थांबावे. हा घराण्याचा सर्वोच्च काळ आहे. तीन समुद्रांचे पाणी घोडे पीत आहेत. आणि जिल्ह्याच्या ठाण्यापासून जवळचे एक गाव ओस पडले आहे. का ओस पडले ते राजा सांगत नाही. लढाईत उजाड झाले असेल, पाऊस नसेल, सारा जड झाला असेल. पण कोणीतरी भिक्षू छावणीपर्यंत किंवा अमात्यापर्यंत गेला असणार, 'महाराज, कागदावर शेत आहे पण धान्य येत नाही' असे त्याने सांगितले असणार, आणि सरकारने ते मान्य करून दुरुस्ती केली. मात्र दोनशे निवर्तनांच्या जागी शंभर. सरकारी भरपाई तेव्हाही निम्म्यावर यायची की काय, असे आमच्यापैकी एक गृहस्थ म्हणाले. बहुधा नगराजवळची जमीन अधिक किमतीची असावी, असे मी त्यांना म्हटले खरे.

याच लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. मुलगा गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी, वृद्ध राजमातेने हे लेणे भद्रायणीय भिक्षुसंघाला दिले. त्यात तिने मुलाचे गुण गायिले आहेत. शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापन करणारा, शत्रूलाही मारण्यास नाखूष असणारा. आणि याच ओळींत 'एकब्राह्मण' व 'चारी वर्णांचा संकर थांबविणारा' हीसुद्धा विशेषणे आहेत. हे मी वाचून दाखविले तेव्हा त्या मुलीचा चेहरा उतरला. ज्या लेण्यात आपण वंदना घेतो त्याच लेण्याच्या भिंतीवर वर्णसंकर थांबविल्याची फुशारकी असावी, हे पचायला जड आहे. ते झाकून ठेवू नये असे मला वाटते. राजाला यज्ञ करणारे पुरोहितही हवे होते आणि व्यापारी मार्गांवरचे विहारही हवे होते, कारण राज्याची कमाई त्या मार्गांवर होती. बलश्रीची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण राजघराण्याचे धोरण आणि एका आईची श्रद्धा या वेगळ्या गोष्टी आहेत.

मग ही लेणी कोणाची? राजांची दाने ठळक अक्षरांत आहेत म्हणून डोळ्यांत भरतात. बाकीच्या भिंती पाहाव्यात. त्रिरश्मीच्या ८ क्रमांकाच्या लेण्याचा दाता मुगुदास हा 'दासक' आहे आणि दासक म्हणजे कोळी असा अर्थ लावतात. जुन्नरला बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी आहेत. कुड्याला माळी दाता आहे, कान्हेरीला लोहार आहे, कार्ल्याला वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे आणि धेनुकाकटचे यवन आहेत. भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत. एकेक खांब, एकेक खोली, एकेक पाण्याचे टाके. वर्णसंकर थांबविल्याचे सांगणाऱ्या राजाच्या राज्यात ही सगळी मंडळी आपापली नावे एकाच डोंगरावर, एकाच प्राकृत भाषेत कोरून घेत होती. त्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने वहीत नावे लिहून घेतली.

उतरणीची गोष्ट राजांच्या बाजूने पाहिली तर लवकर संपते. क्षहरात गेले पण दुसरे शक, कार्दमक, उज्जैनला उभे राहिले. त्यांचा राजा रुद्रदामन जुनागढच्या इ. स. १५० च्या लेखात सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा उघड्या लढाईत हरविले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. नाते होते खरे. कान्हेरीच्या एका लेखावरून वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही महाक्षत्रपाची मुलगी होती, असे कळते. पुढे यज्ञश्री सातकर्णीने बराचसा मुलूख सावरला. त्याच्या नाशिक, कान्हेरी आणि आंध्रातील लेखांवरून राज्याचा पल्ला दिसतो. दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची नाणी पूर्व किनाऱ्यावर सापडतात. पण राज्याचा तोल आता गोदावरीच्या मुखाकडे, पूर्वेकडे झुकला होता. यज्ञश्रीनंतर शाखा फुटल्या. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळा येथे सापडलेल्या नाण्यांत पुराणांच्या यादीत नसलेले राजेही निघाले. इ. स. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात नाशिककडे आभीर, आंध्रात इक्ष्वाकू, वनवासीकडे चुटू असे वाटेकरी झाले.

कारणे काय? काही अभ्यासक भिक्षू-ब्राह्मणांना दिलेल्या करमुक्त जमिनींकडे बोट दाखवितात. सैनिकांनी शिरू नये, अधिकाऱ्यांनी हात लावू नये अशी सवलत देत गेले की राजाचा अंमल तेवढा आक्रसतो, असा त्यांचा मुद्दा. तत्त्वतः तो बरोबर आहे, पण शंभर-दोनशे निवर्तनांनी साम्राज्य बुडत नाही. मला नाणेघाटातला तो महारठी जास्त महत्त्वाचा वाटतो. महारठी, महाभोज हे वंशपरंपरेने बसलेले. पुढे पुळुमावीच्या नावाच्या म्याकदोनी येथील लेखात तर एक आख्खा आहार महासेनापती खंदनागाच्या हाती आणि त्यातले गाव एका लष्करी नायकाच्या हाती दिसते. राजा बळकट तोवर ही माणसे त्याची. राजा दुबळा झाला की खजिना, फौज आणि जमीन तिन्ही त्यांच्याकडेच. यात रोमन व्यापाराची भर घाला. हिंदुस्थान दर वर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने इ. स. पहिल्या शतकात केली होती. तिसऱ्या शतकात रोमच अंतर्गत लढायांनी खिळखिळा झाला आणि ओघ आटला. ज्या घाटवाटांच्या जकातीवर राज्य उभे होते त्या ओस पडू लागल्या.

याच काळात चीनमधले हान घराणेही मावळत होते, हा योगायोग पाहण्यासारखा आहे. इ. स. पूर्व २०६ मध्ये एका शेतकरी कुटुंबातून आलेल्या लियु पांगने ते स्थापिले. मध्ये वांग मांगने इ. स. ९ ते २३ गादी बळकावली, जसे आपल्याकडे क्षहरात. मग घराणे पुन्हा उभे राहिले, आणि १८४ च्या 'पिवळ्या फेट्यां'च्या शेतकरी उठावानंतर सत्ता सेनापतींच्या हाती जाऊन २२० मध्ये शेवटच्या सम्राटाला पायउतार व्हावे लागले. बुद्धाचा धम्म चीनमध्ये रुजला तो याच हान काळात. भिक्षू आन षिगाव १४८ मध्ये लोयांगला पोहोचला व त्याने सूत्रांची भाषांतरे केली. फरक एवढाच की हानांचे दरबारी इतिहासकार होते, इ. स. २ ची त्यांची शिरगणतीसुद्धा उपलब्ध आहे, तीत पाच कोटी सत्तर लाखांहून अधिक माणसे मोजली आहेत. आपल्या राजांनी इतिहास लिहून ठेवला नाही. आपल्याकडे उरल्या त्या देणग्यांच्या पावत्या. त्यामुळे आपल्याला राजाच्या दरबारापेक्षा गोवर्धनचा विणकर जास्त ओळखीचा आहे. ही गोष्ट मला तोट्याची वाटत नाही.

उतरताना दोन लेणी मुद्दाम पाहिली. २० क्रमांकाचे लेणे बोपकी नावाच्या भिक्षूने खोदावयास घेतले आणि ते बरीच वर्षे अर्धवट राहिले. यज्ञश्रीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पुरे केले. लेखात तिने आपल्या नावाबरोबर बोपकीचे नाव ठेवले आहे. म्हणूनच ते आपल्याला कळते.

दुसरा लेख आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा. सातवाहन तोवर नाशिकमधून गेलेले. दान करणारी विष्णुदत्ता ही शक बाई, अग्निवर्म्याची मुलगी. तिने त्रिरश्मीवरच्या विहारात राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अक्षयनीवी केली आणि पैसे ठेवले ते गोवर्धनच्याच श्रेणींकडे : कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे, तेली. राजे तीन वेळा बदलले होते. ठेव ठेवायला गाव तेच होते. "म्हणजे काका, हे तेली बौद्ध होते का?" त्या मुलीने पुन्हा विचारले. ते लेखात नाही, असे मी सांगितले. व्याज देतो म्हणाले होते, एवढे आहे.